पंचाण्णवावी गोळी

१

रविवारी दुपारी एकच्या ठोक्याला मेजर पेटिफरने मतपेटीचा खण ओढला आणि आतल्या गोळ्या हिरव्या बनातीवर ओतल्या. पांढऱ्या गोळ्यांचा नुसता सडा पडला. कुणीतरी टाळी वाजवायला हातसुद्धा उचलले. तेवढ्यात सगळ्यांच्या मागून एक काळी गोळी घरंगळत आली आणि टेबलाच्या कडेशी जाऊन थांबली.

पिनांगच्या कॅझुआरिना क्लबात पांढऱ्या गोळ्या किती पडल्या याला किंमत नव्हती. काळी एक पडली की माणूस बाहेर. आणि आजचा उमेदवार साधासुधा नव्हता. डॉक्टर चिया सुन हुआत हा क्लबाच्या सत्त्याण्णव वर्षांतला गोरा नसलेला पहिलाच उमेदवार. त्याचं नाव सुचवलं होतं म्हाताऱ्या ऑकेनडेनने. हा ऑकेनडेन रबराच्या मळ्यांचा मालक, आणि क्लबातला सगळ्यात जुना सभासद. वर्तमानपत्रांनी त्याची पाठ थोपटली होती, म्हातारा काळाबरोबर चालतो म्हणून.

हे सगळं शेजारच्या वाचनालयातून, अर्धवट उघड्या दारातून, पोन्नुदुरै पाहत होते. जाफनाचा तमिळ माणूस. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात चौतीस वर्षं हेडक्लार्की करून नुकतेच निवृत्त झालेले. क्लबाची शंभरी जवळ आली, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम अध्यक्ष टेल्फर यांनी त्यांच्यावर सोपवलं होतं, कारण जुनी किरटी अक्षरं लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. क्लबाचा इतिहास लिहायला ते चालत होते, क्लबात बसायला चालत नव्हते. रोज स्वयंपाकघराच्या बाजूनं आत यायचे. त्याचं त्यांना हसूच येई. राग फारसा येत नसे, किंवा येऊ न देण्याची सवय त्यांना कोर्टानं लावली होती.

पेटिफर क्लबाचा चिटणीस. लढाईनंतर पलटण सोडून इथं आलेला, त्यामुळे सगळं कवायतीसारखं हवं. त्यानं गोळ्या दहा-दहाच्या रांगांत लावल्या, मग सह्यांची वही उघडली. पूर्वी असला ताळा कुणी घालत नसे. हा त्याचा स्वतःचा नियम.

"सह्या एकसष्ट," तो म्हणाला. "गोळ्या बासष्ट."

खोलीत चुळबुळ झाली.

"म्हणजे पांढऱ्या एकसष्ट आणि ही काळी वरची," दारूच्या पेढीवाला क्रेथॉर्न म्हणाला. "कुणीतरी दोनदा हात घातलाय."

"सभासद असलं काही करत नाही." पेटिफरनं वही मिटली. "म्हणजे जो सभासद नाही त्यानं केलं. पेटीजवळ सकाळपासून कोण उभं होतं? बॉय!"

हा बॉय त्रेसष्ट वर्षांचा होता. हान तोंग गुआन त्याचं नाव. हायनान बेटावरून आलेला, एक्केचाळीस वर्षं क्लबाचा मुख्य वाढपी. मतदानाच्या दिवशी गोळ्यांचे वाडगे घेऊन पेटीशेजारी उभं राहायचं काम पहिल्यापासून त्याचंच. सभासद यायचा, वहीत सही करायचा, दोन्ही वाडग्यांत हात घालायचा आणि मूठ झाकून पेटीच्या कातडी बाहीत न्यायचा. आत काय टाकलं ते देवालाच ठाऊक.

"नाही, तुआन," हान म्हणाला; साहेबाला इथं तुआन म्हणत. एवढंच. पण बोलताना तो पेटिफरकडे पाहत नव्हता, काळ्या गोळीकडे पाहत होता. पोन्नुदुरैंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

सोमवारी सकाळी पोलीस हानला घेऊन गेले. ते साल एकोणीसशे त्रेपन्न. जंगलात कम्युनिस्टांशी लढाई चाललेली, आणि कुठल्याही चिनी नोकरावर मालकानं 'विश्वास राहिला नाही' असं पत्र दिलं की चौकशीबिकशीची भानगड नसे. कागद क्वालालंपूरला जायचा, सही व्हायची, आणि माणूस बोटीत बसून चीनला. हानचा कागद गुरुवारी दुपारी क्वालालंपूरला निघायचा होता. ज्या गावी त्याला पाठवणार तिथं एक्केचाळीस वर्षांत तो गेला नव्हता. तिथं त्याला ओळखणारं कुणीही जिवंत नव्हतं. इथं बायको होती, मुलगी होती, दोन नातवंडं होती.

२

मंगळवारी पोन्नुदुरै कोठडीत गेले तेव्हा त्यांच्या हातात दोरी लावलेला दुधाचा रिकामा डबा होता, आणि त्यात काळी कॉपी, म्हणजे बिनदुधाची कॉफी. कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर शहरातला कुठला हवालदार आपल्याला अडवणार नाही, एवढी त्यांना खात्री होती, आणि ती खरी ठरली.

"केरानी, साखर घातलीत ना?" हान गजांमागून म्हणाला. केरानी म्हणजे कारकून; पोन्नुदुरैंना तो याच नावानं हाक मारी.

"दोन चमचे. को, कॉपी राहू दे. पेटिफर काय म्हणतो ठाऊक आहे? आपल्यातल्याच माणसापुढं तबक धरायची तुला लाज वाटते, म्हणून तू डॉक्टरला पाडलंस म्हणे."

वयानं मोठा म्हणून पोन्नुदुरै त्याला इथल्या रीतीनं 'को' म्हणत, दादा म्हणावं तसं.

हान हसला. "डॉक्टरच्या बापाच्या लग्नात तबक धरलंय मी. नवरदेवानं सूप तीनदा मागून घेतलं. डॉक्टर लहान असताना मागच्या दारानं येऊन माझ्याकडून केक खाऊन जायचा. लाज कसली?"

"मग तोंड उघड ना. कुणी टाकली?"

"मी पेटीत डोळे घालून बघत होतो काय?"

"को, परवा दुपारी तुझा कागद जातोय. आ-सोला काय सांगू मी? तिनं काल माझ्या बायकोपुढं रडून रडून डोळे सुजवून घेतलेत."

आ-सोचं, आपल्या बायकोचं, नाव निघताच हाननं डबा खाली ठेवला. पोन्नुदुरैंनी बाजू बदलली. साक्षीदाराला थेट विचारून उत्तर मिळत नसेल तर त्याला त्याच्या कामाबद्दल विचारावं, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. कामाबद्दल माणूस खोटं बोलत नाही.

"गोळ्या मोजल्या होत्यास?"

"म्हणजे काय! आधीही मोजतो, नंतरही मोजतो. पहिल्यापासून."

"आधी किती होत्या?"

"पांढऱ्या शंभर. काळ्या चौऱ्याण्णव."

"आणि नंतर वाडग्यात?"

"पांढऱ्या एकोणचाळीस. काळ्या चौऱ्याण्णव." हान सवयीनं बोलून गेला आणि एकदम गप्प झाला. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं, की हे तो बोलणार नव्हता.

पेटीत एक काळी पडली होती. तरी वाडग्यातून एकही कमी झाली नव्हती.

"कॉपी चांगली होती, केरानी," हान म्हणाला. "आता तुम्ही जा."

३

पेटिफरनं आधी वाडगा दाखवायलाच नकार दिला. मग पोन्नुदुरै म्हणाले, "इतिहासात ही निवडणूक यायची आहे, मेजरसाहेब. चिटणिसांनी काळजीपूर्वक मोजदाद केली असं लिहू, की केली नाही असं लिहू?" वाडगा लगेच कपाटातून बाहेर आला.

मोजल्या. काळ्या चौऱ्याण्णव. शेजारी लिफाफ्यात ठेवलेली ती एक.

सगळ्या एकाच संचातल्या, एकाच आबनुसी लाकडाच्या. प्रत्येकीवर चांदीचा बारीक ठिपका. हान दर महिन्याला त्यांना खोबरेलाचा हात फिरवायचा, त्यामुळे वाडग्यातल्या गोळ्या चकचकीत होत्या. लिफाफ्यातली मात्र कोरडी, फिकट पडलेली होती. तिच्यावरचा चांदीचा ठिपका काळवंडला होता. बरीच वर्षं तिला कुणी तेल लावलेलं नव्हतं.

"ही बाहेरून आली आहे," पोन्नुदुरै म्हणाले.

"त्यानंच कधीतरी चोरून ठेवली असेल."

"चोरून ठेवली, मग एकदाही पुसली नाही? हान?"

"पोन्नुदुरै, तुम्ही इतिहास लिहा," पेटिफर म्हणाला. "पोलिसांचं काम पोलीस करतील."

बाहेर पडवीत क्रेथॉर्न वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. डॉक्टर चियाला सगळ्यात जास्त विरोध याचाच. गेले दोन महिने तो बारमध्ये बसून सांगत होता, की आज डॉक्टर आला तर उद्या त्याचा शिंपी येईल. शहरभर संशय त्याच्यावर होता आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

"या, या, इतिहासकार! माझी जबानी घ्यायला आलात ना?"

"क्लार्क जबानी घेत नाहीत, तुआन. लिहून घेतात."

क्रेथॉर्न हसला. मग इकडंतिकडं पाहून त्यानं आवाज उतरवला. "कुणाला सांगितलंत तर कानांवर हात ठेवीन. मी पांढरी टाकली."

पोन्नुदुरै पाहतच राहिले.

"असे काय बघता? माझ्या बायकोच्या बाळंतपणात याच चियानं दोन जीव वाचवले. बारमध्ये बडबडायचं वेगळं आणि पेटीत हात घातल्यावर वेगळं. हात आत गेला आणि म्हटलं, येईना का बिचारा, माझं काय जातं?" तो जरा थांबला. "मला वाटलं होतं, दुसरं कुणीतरी पाडेल. निदान दहाबारा जण तरी. कुणीच पाडलं नाही हो! एकसष्टच्या एकसष्ट पांढऱ्या. आम्ही सगळे एकमेकांच्या भरवशावर वाईट होतो."

"आणि ही काळी?"

"मी टाकली असती तर छाती ठोकून सांगितलं असतं. त्याला मी घाबरतो की काय?"

हे मात्र पटण्यासारखं होतं. क्रेथॉर्नला काही लपवणं जमत नसे, म्हणून तर त्याच्याशी पत्ते खेळायला सगळे उत्सुक असत. पण मग ही गोळी आली कुठून?

४

बुधवारी सकाळी पोन्नुदुरै वाचनालयात जाऊन बसले आणि त्यांनी आपली टिपणं पुन्हा पहिल्यापासून काढली. क्लबाच्या सभावृत्तांचे जाड खंड कपाटात ओळीनं लावलेले होते. तेही आज इथं आहेत ते हानमुळे. जपानी आले तेव्हा त्यानं ते पत्र्याच्या पेट्यांत भरून सुरूच्या झाडांखाली पुरले, वर कोंबड्यांचं खुराडं बांधलं आणि साडेतीन वर्षं त्या खुराड्याची राखण केली. मतपेटी आणि गोळ्याही त्याच खड्ड्यात होत्या.

चौऱ्याण्णव. संच शंभराचा, मग सहा गेल्या कुठं? पांढऱ्यांतली एकही हरवली नव्हती.

त्यांना आठवत होतं, असं काहीतरी आपण वाचलंय. दुसऱ्या खंडात ते सापडलं. अठराशे अडुसष्ट साली कुणा मीठवाल्या साहेबाचा भाचा पडला होता. खाली चिटणिसाच्या किरट्या अक्षरात दोन ओळी होत्या. पडलेली काळी गोळी, रीतीप्रमाणे, ज्यानं नाव सुचवलं त्याच्या हाती लिफाफ्यात घालून देण्यात आली. आणि त्यानं यापुढं कुणाचंही नाव सुचवू नये.

काय ही रीत! ज्याला नाकारलं त्याची लाज ज्यानं आणलं त्याच्या घरात, टेबलाच्या खणात, जन्मभर ठेवायची. माणसाचा अपमान करायची इतकी सभ्य तऱ्हा पोन्नुदुरैंनी कोर्टातही पाहिली नव्हती. लढाईनंतर आलेल्या पेटिफरला या रीतीचा पत्ताच नसणार, नाहीतर रविवारी त्यानं ऑकेनडेनला लिफाफा दिला असता.

त्यांनी भराभर पानं उलटली. अडुसष्ट, एकोणऐंशी, एक्क्याण्णव, मग एकोणीसशे सात, आणि बावीस. पाच वेळा काळी पडली, पाच लिफाफे गेले. पाचही जण आता मातीखाली, त्यातले तिघे याच शहराच्या कबरस्तानात, आणि मूलबाळ इथं कुणाचंच उरलेलं नाही.

पाच झाल्या. सहावी कुठं?

तीस सालापर्यंतचे खंड त्यांनी वाचले होते. एकतीसचा या आठवड्यात उघडायचा होता; गेल्याच शनिवारी त्यांनी टेल्फरसाहेबांना तसं सांगितलंही होतं. ते उठून कपाटाशी गेले. तीसचा खंड होता. बत्तीसचा होता. मधे दोन बोटं मावतील एवढी फट होती आणि फळीवरच्या धुळीत पुस्तक ओढल्याची ताजी रेघ.

पोन्नुदुरै खुर्चीत येऊन बसले. पाणी कुठं मुरतंय ते आता कळत होतं. सहावा लिफाफा एकतीस साली गेला होता. ज्याला तो मिळाला त्यानं गोळी बावीस वर्षं जपून ठेवली आणि रविवारी पेटीत परत टाकली. तो एकतीसमधे सभासद होता, आजही आहे, आणि रविवारी त्याची वहीत सही आहे. असे तिघेच: ऑकेनडेन, क्रेथॉर्न आणि टेल्फर. बाकीचे जुने कोण लढाईत गेले, कोण जपान्यांच्या छावणीत. एकतीसचा चिटणीसही छावणीतच गेला होता.

ऑकेनडेन रविवारीच पलीकडच्या मळ्यावर निघून गेला होता आणि फोन घेत नव्हता. क्रेथॉर्नला त्यांनी फोन लावला.

"एकतीस साली कोण पडलं?" क्रेथॉर्नचा आवाज एकदम कोरडा झाला. "झालेल्या मतदानाबद्दल आम्ही बोलत नसतो. काल जरा जास्तच बोललो." फोन बंद.

मग पोन्नुदुरैंनी लढाईनंतरची उमेदवारांची वही काढली. सात वर्षांत कुणी कुणाचं नाव सुचवलं, सगळं तिच्यात होतं. लिफाफा मिळालेल्या माणसाला पुन्हा कुणाचं नाव सुचवता येत नाही. तेव्हा जो सुचवतो तो सुटला. क्रेथॉर्ननं नऊ जणांना आणलं होतं, बहुतेक सगळे त्याचे पिण्यातले सोबती. तो सुटला. ऑकेनडेननं डॉक्टर चियाला आणलं. तोही सुटला.

टेल्फर यांचं नाव त्या रकान्यात एकदाही नव्हतं.

सात वर्षांत एकदाही नाही! क्लबाचा अध्यक्ष, ज्याच्या घरी शहरातला प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात जेवायला जातो. आणि डॉक्टर चिया तर त्यांचाच डॉक्टर, दर मंगळवारचा बुद्धिबळातला जोडीदार. त्याचं नाव टेल्फरनी सुचवायचं, ते ऑकेनडेननं का सुचवलं, हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत कुणालाच पडला नव्हता. पोन्नुदुरैंनाही नाही.

त्यांनी वही मिटली. या क्लबात पोन्नुदुरैंना खुर्ची देणारा माणूस एकच होता, आणि तो टेल्फर.

५

गुरुवारी सकाळी आठ वाजता टेल्फर आपल्या बंगल्याच्या पडवीत पपई खात होते. सडपातळ, पांढरेशुभ्र केस, सत्तरीला टेकलेले. पोन्नुदुरैंना पाहून नेहमीसारखे उठून उभे राहिले.

"बसा. चहा घेणार?"

"नको, साहेब. एकतीसचा खंड न्यायला आलोय."

टेल्फरनी चमचा खाली ठेवला. नाही म्हणाले नाहीत, रागावलेही नाहीत. आत जाऊन खंड घेऊन आले आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"वाचायची गरज नाही," ते म्हणाले. "रेमंड फर्नली. माझ्या बायकोचा भाऊ. उमदा पोरगा होता, सगळ्यांचा आवडता. मतदानाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी शोधून काढलं, की त्याची आजी सयामी होती. म्हणजे माझ्या बायकोचीही. एकच काळी पडली. रेमंड पंधरा दिवसांनी कलकत्त्याच्या बोटीवर चढला, तो उतरलाच नाही. रात्री कधीतरी कठड्यावरून गेला. माझी एलिनॉर त्यानंतर दोन वर्षं जगली. तिला घराबाहेर पडायची भीती वाटायची."

"ती गोळी ऑकेनडेनसाहेबांची होती?"

"त्यानं त्या संध्याकाळी बारमध्ये सगळ्यांना पाजली. म्हणाला, आज मी क्लब वाचवला." टेल्फरनी हात पुसले. "आणि आता तोच म्हातारा डॉक्टरचा हात धरून वर्तमानपत्रात फोटो काढून घेतो. उदार माणूस! मी बावीस वर्षं कुणाचं नाव सुचवू शकलो नाही, पोन्नुदुरै. चियाचंही नाही. मला एवढंच हवं होतं, की तो लिफाफा एकदा ऑकेनडेनच्या हातात पडावा. सगळ्यांसमोर."

"आणि डॉक्टर?"

"चियाला मी नाही कसं म्हणेन? माझं मत मी पांढरंच दिलं. ती काळी माझी नव्हतीच. ज्याची होती त्याला परत केली. मला वाटलं, क्रेथॉर्नसारख्या दहाबारा काळ्या पडतीलच, त्यांत ही एक. चिया तसाही पडणार होता. सगळ्यांनी पांढरी टाकली असेल असं स्वप्नातसुद्धा आलं नाही. आणि तो पेटिफर सह्यांशी ताळा घालील हेही नाही."

"आणि हान?"

"हानचा विचारच माझ्या मनात आला नाही," ते म्हणाले. "खरंच सांगतो. तो तिथं उभा होता. तो नेहमीच तिथं उभा असतो."

"त्याचा कागद आज बाराच्या फेरीनं जातोय."

"ठाऊक आहे. मी गव्हर्नरच्या सचिवाला पत्र लिहिणार आहे. त्याचं काहीतरी होईल. मला थोडा अवधी द्या. एलिनॉरचं नाव पुन्हा त्या बारमध्ये निघायला नको."

पोन्नुदुरैंना आयुष्यात फार थोड्या वेळा राग आला होता. आत्ता आला, आणि त्यांनी तो आवरला नाही.

"साहेब, एकतीस साली लिफाफा तुमच्यापर्यंत तबकात घालून कुणी आणला?"

टेल्फरनी पपईची बशी बाजूला सारली.

"हाननंच ना? दुसरं कोण आणणार? या गोळ्यांना दर महिन्याला तेल लावणारा माणूस आहे तो. रविवारी बनातीवर ती कोरडी गोळी घरंगळली तेव्हाच त्यानं ओळखली. त्या खोलीत ती कुणाची हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. चार दिवस तो तुमचं नाव दाताखाली दाबून कोठडीत बसलाय."

"का?" टेल्फर जवळजवळ पुटपुटले.

"जपानी यायच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोला आणि मुलीला तुम्ही तुमच्या गाडीत घालून टेकडीपलीकडं पोचवलंत. आ-सो अजून ते सांगते; तुम्ही विसरलाही असाल. तो विसरला नाही. बायकोपासून तुटून चीनला जाईल, पण तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही एलिनॉरबाईंचं नाव सांभाळा, साहेब. आ-सोचं मी बघतो."

टेल्फर उठले. कठड्याला धरून समुद्राकडं पाहत उभे राहिले. एका अध्यक्षाच्या शब्दापुढं निवृत्त क्लार्कच्या शब्दाला कोण विचारतो, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पावणेनऊला टेल्फर आत गेले आणि लेखणी घेऊन आले. पत्र दोन पानांचं झालं. त्यात त्यांनी रेमंडचं नाव लिहिलं, एलिनॉरचं लिहिलं आणि तिच्या सयामी आजीचंही लिहिलं. मग टोपी घातली.

"हे तुमच्याबरोबर पाठवणार नाही," ते म्हणाले. "मी स्वतः नेतो. चला."

६

हानला शुक्रवारी सकाळी सोडलं. टेल्फरनी राजीनामा दिला होता. काळी गोळी रद्द ठरली, डॉक्टर चिया निवडून आला, आणि त्यानं त्याच दिवशी दोन ओळींची चिठ्ठी पाठवून सभासदत्व नाकारलं. ऑकेनडेन मळ्यावरून परत आलाच नाही.

हानचं घर क्लबामागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. आ-सोनं जिन्याखालच्या चुलीवर कोंबडीचा भात चढवला होता. पोन्नुदुरै बाकावर बसले होते, तेवढ्यात दारात बुटांचा आवाज झाला. मेजर पेटिफर, आणि त्याच्यामागं क्रेथॉर्न. या गल्लीत पाऊल ठेवायची दोघांचीही पहिलीच वेळ.

"हान," पेटिफर म्हणाला. त्याला ते नाव उच्चारताना अडखळायला झालं. "गैरसमज झाला. समितीला वाईट वाटतं. सोमवारपासून तू कामावर ये. सगळं पहिल्यासारखं."

"आम्हा सगळ्यांना आनंद झाला, बाबा," क्रेथॉर्न म्हणाला. "तुझ्याशिवाय क्लबात कुणाला नीट बर्फसुद्धा घालता येत नाही."

हान उठून उभा राहिला. अंगावर पांढरा कोट नव्हता, घरातली बंडी होती. तरी तो तसाच ताठ उभा होता.

"मी येणार नाही, तुआन."

"अरे, झालं गेलं! राग कसला धरतोस?"

"राग नाही." हान शब्द मोजून बोलत होता. "एक्केचाळीस वर्षं मी त्या पेटीपाशी उभा राहिलो. कोण किती पितो, कोणाचं घरी पटत नाही, कोण कोणाला चोरून भेटतो, सगळं पाहिलं. एक शब्द बाहेर काढला नाही. तुमची पुस्तकं पुरून ठेवली. रविवारी तुम्ही म्हणालात, हे हाननं केलं. खोलीत एकसष्ट माणसं होती. 'हान असं करणार नाही', असं एकही म्हणाला नाही. टेल्फर तुआनसुद्धा नाही."

क्रेथॉर्नचा चेहरा लाल झाला.

"डॉक्टरचं नाव तुमच्यापुढं येऊन दोन महिने झाले," हान म्हणाला. "त्याच्यासाठी एकसष्ट पांढऱ्या पडल्या. माझ्यासाठी एकसुद्धा पडली नाही, तुआन."

पेटिफरनं टोपी हातात घेतली. काहीतरी म्हणायला हवं हे त्याला कळत होतं, पण काय ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दोघे गल्लीतून निघून गेले.

हान बाकावर पोन्नुदुरैंच्या शेजारी बसला. त्यांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि त्यांनाच रडू फुटलं.

"पानं मांडू का?" आ-सोनं आतून विचारलं.

"मांड," हान म्हणाला. "केरानी जेवून जातील."